चित्रकलेची तालीम आणि ग्राफिक डिझाइनचा व्यवसाय

(डिंडोली, सुरत येथे मराठी युवक व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



डिझाइनचे सॉफ्टवेअर सहा महिन्यांत शिकता येते, मग चित्रकलेत वर्षे कशाला घालवायची? हा प्रश्न डिंडोलीतल्या अनेक घरांत विचारला जातो. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या आईवडिलांनी लूमवर आणि मिलमध्ये राबून संसार उभे केले. मुलगा किंवा मुलगी लवकर कमावती व्हावी, ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. म्हणून मी उत्तरही रोजगाराच्याच भाषेत देतो.

मीसुद्धा असाच एक छोटा कोर्स करून साडीच्या डिझाइनच्या कामाला लागलो. माझे पहिले मोठे डिझाइन पडद्यावर छान दिसत होते. रिपीट जुळत होता. उजवी कड डावीला, वरची खालच्या कडेला नीट मिळत होती. पण कापड छापून आले आणि साडीभर तिरपा गडद पट्टा दिसू लागला. दाट फुले प्रत्येक रिपीटमध्ये एकाच कर्णावर बसली होती. तो माल पडून राहिला. तिथले एक वयस्क डिझायनर मला एवढेच म्हणाले, ‘तू फुलं काढलीस, मधली जागा काढलीच नाहीस.’ मग कित्येक महिने त्यांनी मला रोज कागदावर पेन्सिलीने पाने, फुले आणि त्यांच्यामधली रिकामी जागा काढायला लावली. कडा जुळवण्याचे काम संगणक करतो. पट्टा आधीच दिसण्यासाठी मात्र तयार डोळा लागतो.

गावाकडच्या तुमच्या भावंडांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील. त्यांतले विषय पाहा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. वस्तुचित्राने छायाप्रकाश कळतो, संकल्पचित्राने ठरलेल्या चौकटीत नक्षी बसवता येते, थोडक्या रंगांत काम भागवता येते. आपल्या धंद्यात याचा थेट उपयोग आहे. स्क्रीन छपाईत साधारणपणे प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो. सहा रंगांचा परिणाम चार रंगांत साधणारा डिझायनर मालकाचा खर्च वाचवतो. अशा माणसाला काम कमी पडत नाही.

आता अक्षरांकडे वळू. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, मंडळाचा फलक ही कामे डिंडोलीत मराठी, गुजराती आणि हिंदी अशी तिन्ही भाषांत निघतात. शिरोरेषा पुसली म्हणजे देवनागरीचे गुजराती होत नाही. अक्षरांचे आकारही वेगळे, तोलही वेगळा. ज्याने बोरूने अक्षर गिरवले आहे, त्याला रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक हवी हे हातानेच कळते. रोमन अक्षरांत जी तिरपी रेघ जाड असते, त्याच दिशेची रेघ देवनागरीत बारीक येते, कारण लेखणीचा काप उलटा असतो. हे न कळता इंग्रजी अक्षरांना मराठी वळण दिले की पाटी परकी वाटते.

रघुनाथ कृष्ण तथा र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे उदाहरण द्यायलाच हवे. कवी, सुलेखनकार आणि जे. जे. त शिकलेले हे कलावंत जाहिरात क्षेत्रात होते, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकवत. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचा. आपण संगणकावर मराठी वाचतो, त्यामागे लेखणी धरलेला हात आहे. अच्युत पालव यांनीही जे. जे. त शिकून मोडी लिपीचा अभ्यास केला आणि त्यातून देवनागरीला नवे वळण दिले.

केवळ चित्रकलेवर भागेल, असे मी म्हणत नाही. सॉफ्टवेअर शिकावेच लागेल. पण ते काही वर्षांनी बदलते, आणि दर वेळी नवा शिकाऊ जुन्याच्या बरोबरीला येतो. तयार झालेला डोळा मात्र आपल्याकडेच राहतो.

पालकांना माझी विनंती आहे: कोर्सची फी भरताना सोबत एक वही आणि पेन्सिलही द्या, आणि रोजचा एक तास त्या वहीसाठी राखू द्या. घराच्या उंबरठ्यावर ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्या आईकडूनच पहिला धडा घेता येईल. मोजून ठेवलेले ठिपके आणि त्यांमधली राखलेली जागा, आमच्या धंद्याची सुरुवात तिथूनच होते.