सौंसरच्या जुन्या खाणी व त्यांचे पुनरुज्जीवन

भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत सौंसर हे नाव आदराने घेतले जाते. बालाघाटापासून भंडारा-नागपूरमार्गे छिंदवाड्याच्या दक्षिण भागापर्यंत पसरलेल्या अतिप्राचीन खडकसमूहाची ‘सौंसर’ हीच संज्ञा आहे. मॅंगनीज सापडते ते याच खडकांत. फर्मोर या भूशास्त्रज्ञाच्या १९०९ सालच्या बृहद्ग्रंथात कच्चीढाणा, सीतापार, गोवारी-वढोणा ही गावे येतात. सीतापारवरून तर एका खनिजाला ‘सीतापाराइट’ असे नाव मिळाले होते. पुढे ते दुसरेच परिचित खनिज ठरले आणि गावाचा तो मान गेला!

मॅंगनीज पोलादाच्या कारखान्यांकडे गेले. मागे उरतात ते खोल खड्डे व टाकाऊ दगडमातीचे काळपट ढीग. खाण बंद करताना जमीन पूर्ववत करण्याची योजना मालकाने आधीच सादर करावी, असे बंधन २००३ साली आले. त्यापूर्वी सोडून दिलेल्या खाणींना वाली कोण? २०२५ साली केंद्र सरकारने दूषित स्थळांविषयी स्वतंत्र नियम केले खरे. परंतु खाणकामाने झालेले दूषण त्यांच्या कक्षेत सरसकट येत नाही. जुना खड्डा असा दोन नियमांच्या फटीत सापडतो.

अशा जागेचा उपयोग लोक आपापल्या परीने करूच लागतात. खड्ड्यात पाणी साचते आणि वरून ते निवळशंख दिसते. येथेच फसगत होते. खोल, साचलेल्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू नसतो व तेथे मॅंगनीज विरघळते. ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी उपसून भांड्यात ठेवले, की काही वेळाने त्यावर तपकिरी-काळी छटा येते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मॅंगनीज ग्राह्य आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेतात. धुळीचा धोका निराळा. मॅंगनीज दळणाऱ्या कामगारांची चाल अडखळते, बोलणे क्षीण होते, हे ग्लासगोच्या कूपर या वैद्याने १८३७ सालीच नोंदविले होते. ढिगावरची माती अंगणात किंवा शाळेच्या मैदानात भराव म्हणून टाकण्यापूर्वी हे ध्यानी ठेवलेले बरे.

तथापि अशी जमीन कायमची मेली, असे समजण्याचे कारण नाही. सौंसरच्या सीमेला लागून असलेल्या सावनेर तालुक्यात गुमगावची मॅंगनीजची खाण आहे. १९५६ साली राज्याची सीमा मध्ये आली. खडक मात्र एकच. तेथील ढिगांवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत प्रयोग केले. अशा मातीत सेंद्रिय अंश नसतो, नत्र नसते, ओल टिकत नाही. म्हणून साखर कारखान्यातील मळी तीत मिसळण्यात आली. मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू रोपांना देण्यात आले. ज्या ढिगांवर गवताची काडी उगवत नव्हती, तेथे साग व शिसवीसारखी झाडे वाढली. यात परदेशातून आणावी लागेल अशी एकही वस्तू नव्हती, हे विशेष.

पांढुर्णा व सौंसर मिळून २०२३ साली नवा जिल्हा झाला आहे. खाणपट्ट्याच्या हितासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापण्याची तरतूद २०१५ च्या कायद्यात आहे, आणि पिण्याचे पाणी व पर्यावरण ही त्यांची अग्रक्रमाची कामे ठरली आहेत. म्हणजे थैली आहे, यादी हवी. कोणता खड्डा कोणाच्या नावावर, त्याच्या जवळ कोणती विहीर, कोणता हातपंप, हे ग्रामसभेखेरीज कोणाला नेमके सांगता येईल?

तपासणीनंतर उपयोग ठरवावा. ढिगावर सागवान लावणे ठीक. परंतु त्याच जागी संत्र्याची बाग, भाजीपाला किंवा घरकुले उभारायची तर माती व पाण्याचा अहवाल हाती हवा. खड्ड्यात मासे सोडण्याचेही तसेच. हा भाग कन्हानच्या खोऱ्यातला. तीच नदी पुढे खापा ओलांडून जाते व नागपूर शहराला पाणी पुरविते. नमुने उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा घ्यावेत, कारण पातळी बदलली की पाण्याचा गुणही बदलतो. खड्ड्यालगतच्या हातपंपांपासून प्रारंभ करणे सर्वांत सोयीचे.