मैदानाबाहेरचा आवाज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी फराळाच्या खोलीत असते. यंदा चिटणीसबाईंनी इथे उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा पुस्तकी बोलणे मला जमणार नाही. घरात घडले तेच सांगते.

आपले कोल्हापूर कुस्तीचे, तसेच फुटबॉलचेही. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असले की घराघरांत दुसरा विषय नसतो. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. तेव्हापासून मलाही वाटू लागले, आपला पोरगा का नाही?

माझा धाकटा १३ वर्षांचा. मागच्या फळीत खेळतो. गेल्या वर्षी त्याच्या सामन्याला मी डबा घेऊन गेले. रेषेबाहेरून त्यांचे सर ओरडत होते, "पुढं जा!" कुणाचे तरी वडील म्हणत होते, "पास दे!" आणि मी, खरे सांगते, सगळ्यांहून मोठ्याने ओरडत होते, "मार, मार!" पोर चेंडू सोडून आमच्या तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात चेंडू त्याच्या पायांतून गेला नि गोल झाला. मग तर आम्ही सगळेच त्याच्यावर तुटून पडलो.

घरी येऊन त्याने बूट खुंटीला अडकवले. आठ दिवस मैदानाचे नाव नाही. एका रात्री जेवताना म्हणाला, "आई, तुम्ही सगळे एकदम बोलता. मला काय सुचतंय ते मलाच कळत नाही." बायांनो, घास घशाखाली उतरला नाही.

मग मला माझेच दिवस आठवले. नवी नवरी होते तेव्हा भाकरी थापताना सासूबाई मागे उभ्या राहून सांगायच्या, "फिरव, पाणी लाव, उलट!" त्या असल्या की भाकरी हमखास मोडायची. त्या देवळात गेल्या की तीच भाकरी टम्म फुगायची. सासूबाईंचे सांगणे चुकीचे नव्हते, वेळ चुकीची होती. सांगायचे ते परातीत हात घालण्यापूर्वी.

चेंडूचेही तसेच. सरांनी बघायचे, ओरडायचे, पोराने ऐकायचे, तोवर चेंडू दुसरीकडे गेलेला असतो. कुणाला द्यावा, केव्हा अडवावा, हे ज्याच्या पायाशी चेंडू त्यालाच दिसते. ते ओळखायला शिकणे हाच तर खेळ. प्रत्येक पाऊल बाहेरून सांगितले, तर पोर फक्त हुकूम ऐकायला शिकेल.

दुसरी बाजूही सांगते, नाही तर अन्याय होईल. मी सरांकडे गेले, भांडायला नव्हे. ते म्हणाले, "ताई, कबड्डीत, व्हॉलीबॉलमध्ये मध्येच खेळ थांबवून सांगता येतं. फुटबॉलमध्ये तशी सोय नाही. आणि मी गप्प बसलो, तर पालकच म्हणतात, सर काही करत नाहीत." ते ऐकून मान खाली गेली. त्यांना ओरडायला लावणाऱ्यांत मीही होते. त्यांनीच सांगितले की नियमाने सरांना रेषेबाहेरून सूचना देता येते, पण एका वेळी एकानेच. म्हणजे आम्ही दहाजण ओरडत होतो ते कुठल्याच नियमात बसत नव्हते!

माझ्या भाच्याने मोबाइलवर एक हकीकत वाचून दाखविली. अमेरिकेत ओहायो राज्यात १९९९ साली मुलींच्या फुटबॉल सामन्यांत एक रविवार 'मौन रविवार' म्हणून पाळला. शिक्षक नि पालक, सगळे गप्प. मी सरांना म्हटले, आपणही एक सामना तसा करू या. सर बाकावर बसले, जे सांगायचे ते मध्यंतरात सांगितले. आम्ही फक्त टाळ्या वाजविल्या, त्याही दोन्ही बाजूंना. पहिली दहा मिनिटे पोरे गोंधळली. मग आपणच एकमेकांना हाका मारू लागली, "मागं माणूस आहे, सोड मला!" तो सामना आम्ही हरलो. पण माझा पोरगा घरी येऊन ताटातल्या चटणीने कोण कुठे उभा होता ते मला दाखवीत बसला. बूट पुन्हा खुंटीवर गेले नाहीत.

म्हणून माझे मत असे. पोराला इजा होत असेल, डोक्याला मार बसला असेल, तर सरांनी खुशाल ओरडावे. तेव्हा गप्प बसणे पाप. अगदी लहानांना आपला गोल कोणता हेही सांगावे. बाकीचे शिकविणे सरावात, मध्यंतरात नि सामना संपल्यावर, शांतपणे. आणि आपण आयांनी तर ओठ मिटूनच बसावे.

हे मैदानापुरतेच नाही. अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या मागे, नव्या सुनेच्या चुलीपाशी आपण असेच उभे असतो. पुढल्या सामन्याला मंडळाच्या सगळ्याजणी चला. डबे आणा, टाळ्या आणा, सूचना घरी ठेवा.