चार कणग्यांचे एक कोठार

शाळेच्या संगणकातली हार्ड डिस्क भरली, की दुसरी घ्यावी लागते, मग तिसरी. निकालपत्रके एकीत, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे दुसरीत. पाहिजे ती वस्तू कुठे आहे हे शोधता शोधता गुरुजी बेजार! घरात चार कणग्या असाव्यात आणि ज्वारी कोणतीत हे कुणाला ठाऊक नसावे, तशातली गत.

यावर तोड आहे. सगळ्या डिस्का जोडून त्यांचे एकच कोठार करायचे. वापरणाराला मग एकच मोठी डिस्क दिसते. कोणता मजकूर कोणत्या डिस्कवर ठेवायचा, ते संगणकातला कारभारी पाहतो. जागा अपुरी पडली, की आणखी एक डिस्क जोडावी, कोठार वाढते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ही सोय 'स्टोरेज स्पेसेस' या नावाने मिळते. मात्र कोठारात घालताना डिस्कवरचा जुना मजकूर पुसला जातो, बरे का! तो आधी दुसरीकडे उतरवून घ्यावा.

आता खरी मेख ऐका. डिस्का नुसत्याच जोडल्या, तर मजकुराचे तुकडे सगळ्यांवर विखुरतात. त्यांतली एक बिघडली, तर सारे कोठारच बुडते. डिस्का जितक्या जास्त, तितका हा धोका मोठा.

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 'रेड' नावाच्या निबंधात यावरचे उपाय मांडले. त्यांतला एक मुलांनाही समजेल. पहिल्या डिस्कवर ७, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहा. दुसरी बिघडली? १२ मधून ७ वजा करा; ५ परत हाती! संगणकाची बेरीज थोडी निराळी असते, पण तत्त्व हेच. त्याचे मोलही द्यावे लागते. ४ टेराबाइटच्या तीन डिस्का जोडल्या, तर वापरायला ८ च मिळतात. पण हा सौदा स्वस्तच म्हणायचा.

तरीसुद्धा निर्धास्त राहू नका. कुणी चुकून फाईल पुसली, चोरी झाली, आग लागली, तर ही बेरीज कामाला येत नाही. शहाणा शेतकरी सगळे बियाणे एकाच घरात ठेवीत नाही. तशी महत्त्वाच्या कागदांची एक प्रत निराळ्या डिस्कवर, निराळ्या जागी असू द्या. कोठार सोयीसाठी, ती प्रत अडीअडचणीसाठी.