संतापाचे काय करावे?

उपासक-उपासिकांनो,

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. तृष्णा हे दुःखाचे मूळ आणि क्रोध हे अकुशल, असे धम्म सांगतो. मग पाणवठ्यावर आपला अपमान झाला तर संतापू नये काय? आपली मुले शिकून मोठ्या पदाला चढावीत, अशी इच्छाही धरू नये काय? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही तितकेच स्पष्ट असले पाहिजे.

प्रथम इच्छेचा विचार करू. पाली भाषेत 'तण्हा' आणि 'छंद' हे दोन निराळे शब्द आहेत. तण्हा म्हणजे कितीही मिळाले तरी न शमणारी हाव. छंद म्हणजे कार्य करण्याची इच्छा. कुशल कार्याकडे वळलेला छंद भगवंतांनी त्याज्य मानलेला नाही. उलट चार ऋद्धिपादांत पहिले स्थान छंदाचे असून वीर्य, चित्त आणि मीमांसा ही त्यामागून येतात. तेव्हा मुलीला शिकविण्याची तुमची तळमळ ही तृष्णा नव्हे. ती निःशंक मनाने जोपासा.

आता क्रोध. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, अन्यायाची ओळख. दुसरी, अन्याय करणाऱ्याला इजा करण्याची वासना. पहिली टाकली तर मनुष्य गुलाम होतो. दुसरी ठेवली तर तो स्वतःच जळतो. पहिली राखून दुसरी टाकणे, हीच खरी साधना होय.

ही साधना आपल्या लोकांनी महाडला करून दाखविली आहे. नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसह हजारो लोक तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, अनेकजण जखमी झाले. प्रतिकाराची ताकद आपल्या लोकांत नव्हती असे नाही. परंतु बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयात शिक्षा झाली.

त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या ठरावास पुढे आलेले गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. संताप विषमतेच्या विधानावर होता, कोणाच्या जन्मावर नव्हता, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

तळ्यावर हक्क सांगणाऱ्या सवर्णांनी मात्र दिवाणी दावा लावला होता. तो दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना मनाई करणारी रूढी अनादि कालापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. एका दिवसाचा संताप दहा वर्षे टिकत नाही. टिकला तो निर्धार. संतापाला कामाचे वळण लावले, म्हणजेच तो निर्धार होतो.

म्हणून वकील या नात्याने सांगतो. अपमान झाला, बहिष्कार पडला, तर हात उगारू नका आणि मानही खाली घालू नका. दिवस, वेळ, उच्चारलेले शब्द आणि साक्षीदारांची नावे त्याच रात्री लिहून ठेवा. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवा. तिची प्रत विनामूल्य मिळणे हा तुमचा हक्क आहे. 'बौद्ध झालात, आता तुम्हांला संरक्षण नाही', असे कोणी म्हटल्यास विश्वास ठेवू नका. 1990 सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींचे स्थान मिळाले आहे, आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांनाही लागू आहे. जातीचा दाखला तेवढा जपून ठेवा.

मन शांत ठेवा, पण मागणी सोडू नका. मैत्री सर्वांविषयी बाळगा. तडजोड मात्र अन्यायाशी करू नका.

जय भीम!