मानेचं ऑपरेशन: सर्जनला काय विचाराल?

घरात आजारपण आलं की सगळे म्हणतात, "मोठ्या डॉक्टरांना दाखवा." पण मोठे म्हणजे नेमके कसे?

गेल्या वर्षी आईच्या एमआरआयमध्ये सी५-सी६ मधल्या डिस्कचा मज्जारज्जूवर दाब दिसला. हुकं लावता येईनात, चालताना तोल जायचा. मानेचं हे ऑपरेशन न्यूरोसर्जनही करतात आणि ऑर्थोपेडिक स्पाइन सर्जनही. म्हणून मी पाटीवरच्या डिग्र्या मोजल्या नाहीत, दोघांना तेच तीन प्रश्न विचारले. हेच ऑपरेशन वर्षाला किती करता? आवाज बसणं, गिळायला त्रास, असं तुमच्या किती पेशंटना झालं? आणि ऑपरेशन केलंच नाही तर?

एकांनी "काळजी करू नका" म्हणून विषय संपवला. दुसऱ्यांनी आकडे दिले, वर स्पष्ट सांगितलं, "बिघाड थांबवणं हा मुख्य हेतू. गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही." आम्ही त्यांना निवडलं. आईचा तोल सावरलाय, बोटांत मुंग्या अजून आहेत.

मानेतून हातात नुसती कळ येत असेल तर बऱ्याचदा औषधं आणि फिजिओने 6 ते 12 आठवड्यांत आराम पडतो. तेव्हा सेकंड ओपिनियनला सवड असते. पण बोटं अडखळायला लागली, लघवीवरचा ताबा गेला, तर अजिबात थांबू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!