पातोळीचा अंदाज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांत बोलण्याची मला सवय नाही. पण विषय पातोळ्यांचा म्हटल्यावर नाही म्हणवेना.

गेल्या नागपंचमीला मुंबईहून माझ्या मुलीचा फोन आला. "आई, पातोळ्यांच्या पिठात पाणी किती घालू?" मी म्हटले, "अंदाजान घाल गो." ती म्हणाली, "अंदाज म्हणजे किती वाट्या?" मला सांगता येईना. तिच्या पातोळ्या पानाला चिकटल्या, फुटल्या. चूक तिची नव्हे, माझी. आईचा अंदाज मी तिच्याशेजारी बसून उचलला. मुलीला मात्र "तू अभ्यास कर" म्हणत चुलीपासून दूर ठेवली.

मग मी वाटी घेऊन मोजायला बसले. दोन वाट्या खोवलेल्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी गूळ; मंद आचेवर मिळून आले की वेलची घालावी. एक वाटी तांदळाच्या पिठाला चिमूटभर मीठ आणि पाऊण वाटी पाणी लागले. पीठ भाकरीच्या पिठाहून सैल, घावनाच्या पिठाहून घट्ट हवे. ओल्या बोटांनी ते हळदीच्या पानावर पातळ थापावे, अर्ध्या भागावर सारण पसरून पान मधल्या शिरेवर दुमडावे आणि पंधरा मिनिटे वाफवावे. जरा निवल्यावरच पान सोडवावे. घाई केली की पातोळी फाटते.

पंचमीला आपण चिरत नाही, तळत नाही, तवा चढवत नाही. वाफेला मात्र मोकळीक आहे. पावसाच्या तोंडावर लावलेल्या हळदीचे पानही श्रावणातच भरास येते. गोव्यातील ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला पातोळ्या होतात.

आपल्यासारखाच समुद्रकाठी, भात पिकवणारा जपानातला निइगाता हा प्रांत. तिथे 'सासा दांगो' करतात. दवण्याच्या कुळातील एका पाल्याने हिरव्या केलेल्या तांदळाच्या पिठात पुरण भरतात आणि बांबूजातीच्या पानात बांधून वाफवतात. आपले पुरण हरभऱ्याच्या डाळीचे, त्यांचे अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे. तेही आपल्या मूग-उडदाच्याच कुळातले. निइगाताला गेलेला पाहुणा तो खाऊ भेट म्हणून घरी नेतो. आपल्या पातोळीला तो मान आपणच द्यायला हवा.

म्हणून दोनच विनंत्या. प्रत्येकीने आपला एक पदार्थ वाटी-चमच्याने मोजून मंडळाच्या वहीत लिहावा. आणि मृगाआधी परसात हळदीचे चार कंद लावावेत. मुंबईच्या गाडीला मुलीसाठी पाने देता येतील.

येत्या पंचमीला तिचा फोन आला, तर मी वाट्यांत उत्तर देईन. तरीही तिने एकदा श्रावणात घरी यावे, माझ्याशेजारी पाटावर बसावे, असे मनात आहेच.