हातातला खेळ : घ्यावा की न घ्यावा?

हातात मावणारे खेळयंत्र विकत घ्यावे काय, हा प्रश्न हल्ली अनेक घरांत मुले विचारतात आणि वडीलधारी माणसे टाळतात. मीही टाळला होता. नातवाने मात्र पिच्छा सोडला नाही, तेव्हा मी या यंत्रांच्या इतिहासाकडे वळलो.

१९८९ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'गेम बॉय' विक्रीस काढला. त्याचा पडदा रंगहीन; अंधारात काही दिसावयाचे नाही. त्याच वर्षी अमेरिकेत अटारी कंपनीचे 'लिंक्स' आले. त्याला रंग होते, उजेड होता. पण ६ सेल काही तासांतच संपत. गेम बॉय ४ सेलांवर कितीतरी अधिक वेळ चाले. शिवाय अमेरिकेत त्याच्यासोबत 'टेट्रिस' मिळे. पडणारे ठोकळे जुळविण्याचा हा साधा खेळ थोरामोठ्यांनाही खिळवून ठेवी. बाजी गेम बॉयनेच मारली. त्याच्या निर्मितीत अग्रभागी असलेल्या गुनपेई योकोई यांची धारणाच अशी होती की, जुने, स्वस्त, पारखलेले तंत्र कल्पकतेने वापरावे.

मला उत्तर गवसले. यंत्राचे मोल झगमगाटावर नव्हे, तर पुन्हापुन्हा खेळावासा वाटणारा खेळ त्यावर आहे की नाही, यावर ठरते. मी नातवाला विचारले, "कोणता खेळ खेळणार?" त्याला सांगता येईना. "सांगशील त्या दिवशी दुकानात जाऊ," मी म्हणालो.

काल त्याने नाव सांगितले. खेळ दोघांनी मिळून खेळावयाचा आहे! आता शब्द पाळणे मला भाग आहे.